उजव्या वळणाची चौकशी

“आलं,” गुरव म्हणाले.

मी कागदावर एक आडवी रेघ ओढली.

“आलं.”

पुन्हा रेघ. तंत्रनिकेतनाच्या मागच्या मैदानात संस्थेची पांढरी गाडी माणसाच्या चालीने उजवीकडे गोल गोल फिरत होती. ड्रायव्हर रावसाहेब ऐवळे यांनी स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून घट्ट धरलं होतं. मी मागच्या सीटवर होते, मांडीवर पॅड, काच खाली. पुढच्या डाव्या टायरवर मी खडूने एक जाड पट्टा मारला होता. आमचे प्रबंधक गुरव डोक्यावर रुमाल टाकून गाडीबरोबर बाहेरून चालत होते. पट्टा जमिनीला टेकला की त्यांनी ‘आलं’ म्हणायचं, एवढंच त्यांचं काम होतं. दोन ‘आलं’च्या मध्ये चाकापाशी कट् कट् असा कोरडा आवाज यायचा आणि दर आवाजाला मी एक ठिपका द्यायचे.

“रावसाहेब, जरा सावलीतनं फिरव की रे,” गुरव म्हणाले.

“मैदानात सावली कुठली, सायेब.”

“अजून किती, मॅडम?”

“या दहा झाल्या की डावीकडून दहा.”

“डावीकडं आवाज येतच नाही ना?”

“येत नाही, हेही मोजायला हवं.”

व्हरांड्यात खुर्च्या टाकून ऑटोमोबाइल विभागाचे प्रमुख मुळीक आणि त्यांचे दोन अधिव्याख्याते चहा पीत होते. मुळीकांचा आवाज मैदानभर पोचेल असाच होता. “केळुसकर मॅडम प्रदक्षिणा घालतायत. कोकणातली पद्धत असंल. आता नारळ आणा कुणीतरी.”

ते दोघे हसले. विभागप्रमुख हसले की हसायचं, हा त्या विभागातला एकमेव प्रयोग बिनचूक होत असे.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. मी त्या माळावरच्या खासगी तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवत होते आणि अजून कायम झाले नव्हते. मार्च महिन्यात संस्थेचे अध्यक्ष प्राचार्य बाबरांच्या शेजारी बसून गाडीतून येत होते. फाटकाशी गाडी उजवीकडे वळली आणि चाक वाजलं. अध्यक्षांनी विचारलं, हे काय. बाबर म्हणाले, ड्रायव्हर गाडी कुठून कशी पळवतो, कुणाला माहीत. अध्यक्ष म्हणाले, मग चौकशी करा. बाबरांना बहुधा एवढं नको होतं, पण अध्यक्षांचं वाक्य परत घेण्याची सोय आमच्याकडे नव्हती.

रावसाहेब अकरा वर्षं तिथे ड्रायव्हर होते. नाव रावसाहेब आणि नेमणूक तात्पुरती. दर जूनला नवा आदेश निघायचा. चौकशीत त्यांचा दोष निघाला असता, तर जूनपर्यंतही थांबायचं कारण नव्हतं.

समिती तिघांची होती. तज्ज्ञ म्हणून मुळीक, कार्यालयातर्फे गुरव आणि विभागाबाहेरची एक व्यक्ती म्हणून मी. मला का घेतलं, हे मला स्वच्छ ठाऊक होतं. मी सभांमध्ये बोलत नसे. गप्प बाई म्हणजे सही करणारी बाई, असं त्यांचं गणित होतं. त्यांची बाकीची गणितंही याच दर्जाची असत.

मुळीकांनी पहिल्या बैठकीत सांगितलं, स्टिअरिंगचं तेल. तेल बदललं. आवाज राहिला. दुसऱ्या बैठकीत सांगितलं, बेअरिंग. तेही बदललं. तिसऱ्या बैठकीत त्यांनी शॉकअब्सॉर्बरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “शेतातल्या रस्त्यानं गाडी हाणल्याशिवाय असा आवाज येत नाही. लिहून टाका.” बावीस वर्षं गाड्या शिकवणारा हा माणूस एकदाही चाकाशी वाकला नव्हता. मी त्यांना मूर्ख समजले. त्या प्रकरणातली ती माझी पहिली चूक.

“एकदा मोजू या का,” मी म्हटलं.

“आवाज मोजत नाहीत मॅडम, ऐकतात.”

“ऐकून दोन गोष्टी बदलल्या आपण.”

गुरव खोकले. त्यांना खोकल्यातून हसता येत असे. मैदानाची परवानगी त्यांनीच दिली आणि ‘आलं’ म्हणण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

उजवीकडच्या दहा फेऱ्या म्हणजे चाकाच्या दहा फेऱ्या, मैदानाच्या नव्हेत. त्यांत पहिल्या वेळी एकसष्ट ठिपके आले, दुसऱ्या वेळी एकोणसाठ, तिसऱ्या वेळी साठ, आणि दोन तास मोजत राहिलो तरी आकडा याच्याच आसपास. डावीकडे एकही नाही. गाडी थोडी जोरात नेली की ठिपके भराभर पडत, पण फेरीमागे सहाच. याचा अर्थ आवाज स्टिअरिंगचा नव्हता, शॉकअब्सॉर्बरचाही नव्हता. तो चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी होता, आणि त्या कशात तरी सहा सारख्या वस्तू होत्या. मी ग्रंथालयातून मुळीकांनीच नेमलेलं पाठ्यपुस्तक काढलं. ते इतकं कोरं होतं, की पानं अजून एकमेकांना चिकटलेली. त्यात आकृती होती. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, ती ताकद नेणाऱ्या दांड्याच्या चाकाकडच्या टोकाला एक सांधा असतो. सांध्यात पोलादी गोळ्या असतात आणि वरून ग्रीस धरून ठेवणारं रबरी वेष्टण. गोळ्या सहा.

बैठकीत मी पान उघडून ठेवलं. मुळीकांनी ते पाहिलं नाही.

“सहा तर ऋतूही असतात, मॅडम.”

“उघडून बघू.”

“उघडायला अध्यक्षांची परवानगी लागेल. शिवाय माझ्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलं चालू आहेत.”

“मी दोन तास उन्हात त्या गाडीबरोबर चाललोय,” गुरव म्हणाले. त्यांचं नाक सोललं होतं. “आता ती उघडल्याशिवाय मी कशावरच सही करत नाही.”

गाडी गावातल्या मुल्ला मिस्त्रींकडे नेली. मुळीक आले नाहीत. त्यांना ताप होता, असा निरोप आला. मिस्त्रींनी चाक काढलं, आत हात घातला आणि बोटांनी रबर चाचपलं. मग म्हणाले, “हे फाटलेलं न्हाय. हे कापलंय.”

मी वाकून पाहिलं. रबरी वेष्टणाला एक खिडकी होती. तीन बाजू पट्टीने आखल्यासारख्या सरळ, चौथी बाजू न कापता दुमडलेली. वर काळी चिकटपट्टी कधीतरी लावलेली होती, ती सुटून लोंबत होती. आत ग्रीस जवळपास नव्हतंच, माती मात्र भरपूर होती. मी मोजपट्टी लावून पाहिलं: चार सेंटिमीटर बाय तीन. मग रॉकेलचा बोळा मागितला आणि कापलेली कड पुसली. काळ्या थराखाली लाल रंग निघाला. तैलरंग, ब्रशने काळजीपूर्वक दिलेला.

तंत्रनिकेतनात काम केलेल्या कुणालाही तो रंग सांगावा लागत नाही. विद्यार्थ्यांना यंत्राच्या आतलं दिसावं म्हणून इंजिनं, गिअरबॉक्स कापून ठेवतात, आणि जिथे कापलं त्या कडांना लाल रंग देतात. आमच्या भिंतीला लागून असे सात-आठ नमुने लाल ओठ उघडून बसलेले असत.

गुरवांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवला. न दिसण्याची ही त्यांची पद्धत.

“रंग काय, कुठंही लागतो मॅडम.”

“नेमका कडेला?”

ते मिस्त्रींपासून मला थोडं लांब घेऊन गेले. “जानेवारीत मान्यतेची समिती आली होती. त्यांना दाखवायच्या वस्तूंच्या यादीत पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मॉडेल होतं. आपल्याकडं एक जीप, ती मागच्या चाकांवरची.” ते थांबले. “पुढचं मी काही बोललो नाही.”

“बोललात.”

“नाही बोललो.”

त्या दिवशी मला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसत उभं केलं होतं, त्यामुळे मी काही पाहिलं नव्हतं. पण आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्राचार्यांची चालती गाडी रॅम्पवर चढवली, पाटी लावली, आतल्या गोळ्या दिसाव्यात म्हणून वेष्टण कापलं आणि, मुळीकांचा विभाग नीटनेटका असल्यामुळे, कडेला लाल रंगसुद्धा दिला. समिती गेल्यावर झाकण चिकटपट्टीने लावलं आणि विसरले. म्हणजे मुळीकांना आवाज पहिल्याच दिवशी कळला होता. तेल, बेअरिंग, शॉकअब्सॉर्बर ही निदानं नव्हतीच. एवढी हुशारी त्या माणसाने बावीस वर्षांत कधी शिकवायला वापरली नव्हती.

मिस्त्रींनी नवा सांधा बसवला. परत येताना रावसाहेबांनी फाटकाशी गाडी उजवीकडे पूर्ण वळवली. काही वाजलं नाही.

अहवाल मी लिहिला. सात मुद्दे, प्रत्येकी एक वाक्य. सहावा मुद्दा असा: ‘कापलेल्या कडेवर सुमारे दोन मिलिमीटर रुंदीचा लाल तैलरंग आढळला.’ त्यावर भाष्य केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुळीक माझ्या प्रयोगशाळेत आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. ताप उतरलेला दिसत होता.

“सहावा मुद्दा काढा. रबर वयानं फाटतं.”

“वय सरळ रेषेत कापत नाही.”

“मग खराब रस्ता म्हणा.”

“रस्त्याकडे ब्रश नसतो, सर.”

ते स्टुलावर बसले. “मॅडम, त्या मॉडेलवर एकशेवीस जागांची मान्यता उभी आहे. त्यात तुमची नोकरीही येते. ड्रायव्हरचं आम्ही बघून घेऊ.”

“पहिल्या दिवशी ‘सांधा गेलाय’ म्हणून गुपचूप बदलला असता, तर हे काही झालं नसतं.”

“अध्यक्षांनी चौकशी लावल्यावर गुपचूप काय बदलणार? कुणीतरी उघडलं असतं, कुणीतरी बघितलं असतं.” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “म्हणजे तुम्हाला खरंच वाटत होतं, की मला आवाज ओळखता येत नाही?”

“हो.”

सगळ्या संभाषणात त्यांना लागलेलं तेवढं एकच वाक्य.

रावसाहेब त्यानंतरच्या सकाळी आले. दारातच उभे राहिले. मी आत बोलावलं, तरी उंबऱ्याच्या आत एकच पाऊल टाकलं.

“मॅडम, त्ये लाल रंगाचं काढा.”

“तुम्हाला कुणी पाठवलं?”

“पाठवलं न्हाय. माजं मीच आलोय. मुळीक सरांनी शब्द दिलाय. रिपोर्टात चूक माजी यायची, दोन म्हयनं घरी बसायचं आन् जूनमधी लॅब अटेंडंट म्हनून कायम.”

“कागदावर दिलंय?”

“शब्द कागदावर देत्यात व्हय?”

“हे कधी ठरलं?”

“चूक घ्यायचं आत्ता, पर कायम करायचं जानेवारीतच. समितीच्या दिवशी मला निळा कोट घालून गाडीजवळ उभा केल्ता. अटेंडंट कमी पडत हुते. त्यातल्या एका सायबानं मला इचारलं, ह्यात गोळ्या किती. म्या सांगितलं, सहा. त्यो सायेब मुळीक सरास्नी म्हनला, तुमचा अटेंडंट हुशार हाय. तवाच सर म्हनले, रावसाहेब, ह्याच कोटात तुला कायम करतो.”

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. “तुम्हाला सहा ठाऊक होतं?”

“व्हय.”

“मी मैदानात दोन तास ठिपके मोजत होते. गाडी तुम्ही चालवत होतात. बोलला का नाहीत?”

“तुमी इचारलंच न्हाय.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “तुमी गुरव सायबास्नी चाकाकडं बघाया लावलं. मला म्हनला, हळू चालवा. मी हळू चालवली.”

खरं होतं. चार बैठका झाल्या होत्या, आणि ज्याच्यावर आरोप होता त्या माणसाला समितीतल्या कुणीच एक प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही. मी चाकाला विचारलं होतं.

“विचारलं असतं, तर कापलेलं सांगितलं असतं?”

“काय की. इचारलं असतं तर ठरीवलं असतं.”

“रावसाहेब, असल्या शब्दाला काही अर्थ नसतो. दोष तुमच्या नावावर चढला, की जूनमध्ये हेच लोक तुम्हाला फाटकातून आत घेणार नाहीत.”

“तुमाला तसं वाटतं. तुमच्याकडं डिगरी हाय. माज्याकडं शब्दाबिगर काय हाय?”

मला त्यांची कीव आली. कीव ही तुच्छतेचीच आंघोळ केलेली बहीण असते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “जे पाहिलं ते मी लिहिलंय. ते बदलता येणार नाही.”

ते मान हलवून गेले.

अहवाल सातही मुद्द्यांसह गेला. गुरवांनी चष्मा न लावता सही केली. मुळीकांनीही केली, कारण न करण्याचं कारण लिहावं लागलं असतं. अध्यक्षांनी सहाव्या मुद्द्यावर बोट ठेवून विचारलं, हा रंग कसला. बाबर म्हणाले, “साहेब, चौकशी संपली. ड्रायव्हर निर्दोष आहे.” अध्यक्षांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला. मी तिथेच बसले होते. त्यांनी मला विचारलं नाही. मुद्दा लिहून ठेवला होता, वाचणाऱ्याने समजून घ्यावं, असं मला वाटलं. मला त्या दिवशी बरंच काही वाटलं. मी बोलले मात्र काहीच नाही.

मे महिन्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं, मुदतीच्या आठ महिने आधी. मुळीकांनी ते स्वतः आणून दिलं. “अभिनंदन. आता तुम्ही आमच्यातल्याच.” मी पत्र घेतलं. घरी आईचं औषधपाणी होतं, भाऊ शिकत होता. ही कारणं खरी आहेत आणि त्यांनी काही सिद्ध होत नाही.

जूनमध्ये रावसाहेबांचा आदेश निघाला नाही. तात्पुरत्या माणसाचा आदेश न निघायला कारण लागत नाही. त्या लाल रंगाची गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती. मी बाहेर जाऊन बोलले असते तर कुणीतरी ऐकलं असतं, म्हणून मला आत ठेवलं. त्यांचं कुणी ऐकलं नसतं, म्हणून त्यांना बाहेर. हे गणित मात्र त्या लोकांनी अचूक सोडवलं होतं. मी अहवालात तो मुद्दा लिहिला नसता, तर मुळीकांनी शब्द पाळला असता का? मी तेव्हा नाही म्हणाले, आजही नाहीच म्हणते. पण हा प्रयोग पुन्हा करून बघता येत नाही, आणि न केलेल्या प्रयोगाचं उत्तर मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते प्रयोगशाळेच्या दारात आले.

“मॅडम, दाखला पायजे हुता. तालुक्याला शाळेच्या बसवर ड्रायव्हर घ्यायचाय. अनुभवाचा दाखला आना म्हनले. हितं हापिसात म्हनले, सही देतो, पर मजकूर कुनाकडनं तरी लिहून आन.”

“माझ्याकडे का आलात?”

“तुमी दिसलं तसं लिवता म्हनत्यात.”

याही वेळी टोमणा नव्हता. मी तरी तो शोधला.

मी कागद घेतला. त्यांना गाडी चालवताना मी मैदानात पाहिलं होतं आणि मिस्त्रींकडे जाता-येता. सगळं मिळून तीन तास. अकरा वर्षांबद्दल माझ्याकडे एकही नोंद नव्हती. मी लिहिलं: ‘श्री. ऐवळे यांनी गेली अकरा वर्षे संस्थेचे वाहन अत्यंत सुरक्षितपणे चालवले. या काळात त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही.’ न मोजलेलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा शाईने लिहीत होते, आणि हात जरासुद्धा अडखळला नाही.

त्यांनी कागद घेतला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

“ह्ये चुकलंय.”

“काय?”

“एक झालाय. सहाव्या वर्षी, घाटात. कुत्रं आडवं आलं, म्या गाडी कठड्याला घासली.”

“हे कुणाला माहीत आहे?”

“मला हाय.”

“रावसाहेब, एवढ्या एका ओळीने ही नोकरी जाऊ शकते.”

“जाईल न्हाय तर ऱ्हाईल. पोरांची बस हाय ती.” त्यांनी कागद टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवला. “आन् अक्षर तुमचं हाय.”

मी दुसरा कागद घेतला. तारीख घातली, नाव घातलं, अकरा वर्षं लिहिली. मग विचारलं, “कुत्रं वाचलं का?”

“वाचलं.”

“तेही लिहू?”

“लिवा की,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच आत येऊन स्टुलावर बसले.